हरकत असल्यास उभे राहावे

नोकरीत असताना खुलेआमकाकांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. वजनमापांचे निरीक्षक होते ते. दुकानदाराचा तराजू तपासायला जाताना पाण्याची बाटली घरून न्यायचे, आणि तराजू तपासायचा तोही आत गाळ्यात नाही, रस्त्यावर आणून, गिऱ्हाइकांच्या देखत. "लपवण्यासारखं काही नाही ना? मग होऊ दे खुलेआम!" हे त्यांचं पालुपद. त्यावरून नाव पडलं ते पडलंच. ठेवणाऱ्यांनी चेष्टेने ठेवलं होतं, पण काका ते पदक मिळाल्यासारखं मिरवायचे.

निवृत्त झाल्यावर ते मंडळीचे मुख्य पंच झाले, आणि चर्चचा सगळा कारभार त्यांनी तराजूसारखाच रस्त्यावर आणला. आधी कसं होतं, की कोण कुणाचा मेहुणा, कोण कुणाच्या कानाला लागलाय, यावर सगळं ठरायचं. काकांनी तो बाजारच उठवला. चिठ्ठ्या टाकून मतदान बंद, आता हात वर करायचा. निनावी तक्रार बंद, ज्याची तक्रार त्याने भर उपासनेत उभं राहून, ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या तोंडावर बोलायचं. तक्रार फोल ठरली तर समेट होईपर्यंत तक्रार करणाऱ्याने प्रभुभोजनाच्या प्याल्याला हात लावायचा नाही. एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! पाळकाच्या समुपदेशनाच्या खोलीचं दार त्यांनी सुताराकडून कापून घेतलं आणि त्यात हातभर काच बसवली. आत काय चाललंय ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे, म्हणाले.

खोटं कशाला बोला, या सगळ्याने मंडळीचं भलंही झालं. भांडणं कमी झाली. आता ती मिटली म्हणून कमी झाली, की तोंड उघडायची लोकांना लाज वाटायला लागली म्हणून, हे कुणी विचारलं नाही. काकांनी तर नाहीच नाही.

त्यात नवे पाळकसाहेब आले, आणि काकांना वाटलं, देवाने आपल्यासाठीच पाठवला हा माणूस. उंचापुरा गडी, आवाज असा की ऐकणाऱ्याचा राग विरघळावा. व्यासपीठावरून स्वतःच्या चुका सांगायचा. "मंडळी, आज सकाळी मी बायकोवर चिडलो. मला क्षमा करा." बायका डोळे पुसायच्या. अहो, चिडला बायकोवर, त्यात काय मोठंसं! पाप कबूल करावं तर असं निवडून करावं, की ऐकणाऱ्याला दोन घटका बरं वाटावं. पण काका घरी येऊन काकूंना सांगायचे, "असा मोकळा माणूस मी उभ्या जन्मात बघितला नाही." काकू भाजी निवडत म्हणायच्या, "फार गोड बोलतात."

या पाळकसाहेबांचं नाव आता मुख्य पाळक म्हणून निघालं होतं. आसपासच्या सगळ्या मंडळ्या त्यांच्या हाताखाली येणार. काकांनीच घातलेली रीत अशी, की तीन रविवार उपासनेत नाव वाचायचं आणि प्रत्येक वेळी विचारायचं, कुणाची हरकत असल्यास उभे राहावे. तिसऱ्या वाचनानंतर लगेच मतदान, आणि मग विषय संपला. दोन वाचनं झाली होती. कुणी खोकलंसुद्धा नव्हतं.

तिसऱ्या वाचनाच्या आदल्या दुपारी काकांची लेक माहेरी आली. एकुलती एक लेक, दिली होती गावातल्याच घरात. जावयाचं टायरचं दुकान. मागच्या वर्षी तिचं मूल पोटातच गेलं, तेव्हापासून तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते आलंच नव्हतं. पाळकसाहेबांनी स्वतःहून तिला समुपदेशनाला बोलावलं, तेव्हा काकाच तिला पोचवायला जायचे आणि बाहेर बाकावर बसून वर्तमानपत्र वाचायचे.

ती आली, जेवणाच्या टेबलाशी बसली, आणि पाण्याचा पेला हातात फिरवत तिने सांगितलं. जास्त बोलली नाही. "प्रार्थना करतो म्हणून डोक्यावर हात ठेवायचे, बाबा. हात डोक्यावर राहिला नाही. एकदा नाही. मी उठले तर खांद्याला धरून बसवायचे, आणि प्रार्थना चालूच ठेवायचे."

काकूंनी तोंडाला पदर लावला. आणि काका काय म्हणाले असतील? काका म्हणाले, "पण दाराला काच आहे!"

बघा! पोर काय सांगतेय, आणि बापाला काच आठवतेय.

"काचेतून समोरची भिंत दिसते," लेक म्हणाली. "दाराला लागून जो कोपरा आहे, तो दिसत नाही. त्यांनी सोफा तिकडे हलवलाय."

काकांना आठवलं. त्यांनी विचारलंही होतं, सोफा इकडे का? खिडकीतून वारा लागतो, काका, असं उत्तर मिळालं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या काचेतून आजवर कुणी आत डोकावलंच नव्हतं. काच आहे म्हटल्यावर बघायचं कशाला! काका स्वतः बाहेर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. लेकीवर त्यांचा विश्वास बसला. लगेच, पहिल्याच वाक्याला.

"उद्याचं वाचन थांबवा, बाबा," ती म्हणाली. "चार पंचांना घरी बोलवा. मी त्यांना सांगते, हवं ते विचारू दे मला. फक्त तिथे सगळ्यांसमोर उभं करू नका. घरी माझ्या नवऱ्यालाही अजून माहीत नाही. एवढं एकच मागते."

"बरोबर बोलतेय ती," काकू म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची. चार शहाणी माणसं बसवा आणि त्या मेल्याला परस्पर घालवा."

झालं! काका ताडकन उठले. "दार लावून? कुजबूज करून? जे मी मोडून काढलं, तेच माझ्या घरात? उद्या लोक म्हणतील, दुसऱ्यांना नियम आणि स्वतःच्या लेकीला मागचं दार. आपला तो बाब्या!" मग आवाज खाली आणून लेकीशेजारी बसले. "हे बघ बाळा, तू खरं बोलतेस ना? मग भ्यायचं त्याने. तू उभी राहा, दोन वाक्यं बोल. सगळी मंडळी तुझ्यामागे उभी राहील. तुला लहानपणापासून ओळखतात ही माणसं."

"तुम्ही असाल ना?"

"असेन म्हणजे काय! सभा मीच चालवणार आहे."

हेच तर दुखणं होतं, पण कुणाच्या लक्षात येतंय! बापाचं काळीज जळत होतं हे खरं, आणि त्याच सदऱ्यात मुख्य पंचाची छाती फुगत होती हेही तितकंच खरं. आपला नियम, आणि तो निभावणार आपली लेक. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. लहानपणी औषध घ्यायला लावलं की डोलवायची तशी.

रविवारी चर्च भरलेलं होतं. गायन झालं, वचन वाचून झालं, मग काका पुढे आले आणि त्यांनी नाव वाचलं. "कुणाची हरकत असल्यास उभे राहावे."

लेक उभी राहिली.

जावयाने कोपर धरून तिला खाली ओढलं, त्याला वाटलं हिला चक्कर येतेय. तिने कोपर सोडवून घेतलं आणि बोलायला लागली. आवाज फुटेना. मागून कुणीतरी म्हणालं, "ऐकू येत नाही." आणि काका, वर्षानुवर्षांच्या सवयीने, काय बोलून गेले? "मोठ्याने. सगळ्यांपर्यंत गेलं पाहिजे."

मग ती मोठ्याने बोलली. कुठे हात ठेवला, तो कुठे गेला, किती वेळा गेला. घरी सांगताना जे शब्द तिने टाळले होते, तेही तिला तिथे मोठ्याने उच्चारावे लागले, कारण एक पंच उभे राहून म्हणाले, "स्पष्ट सांग, बाई, मोघम आरोप नियमात बसत नाही." म्हाताऱ्या माणसांनी माना खाली घातल्या. काही जणांनी मात्र चांगल्या ताठ ठेवल्या होत्या.

पाळकसाहेब व्यासपीठावरून उतरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हां, खरं पाणी. तिच्यापासून चार हात लांब त्यांनी गुडघे टेकले. "बेटा, तू बोललीस, देव तुझं भलं करो. माझ्या मनात राग नाही." मग उठून मंडळीकडे वळले. "प्रार्थना करताना मी हात ठेवतो. तुमच्यातल्या कुणावर ठेवला नाही? दुःखाने पोळलेल्या जीवाला त्या स्पर्शात काय दिसेल, ते मी कसं सांगू?" आणि मग काकांकडे बघून, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाले, "काका, खोलीतलं बोलणं मी कधी बाहेर काढत नाही. पण आज प्रश्न उघड्यावर आलाय. मी झाकलं, तर उद्या तुम्हीच म्हणाल, पाळकाने लपवलं. तुम्ही मुख्य पंच आहात. सांगू की नको, तुम्हीच ठरवा."

काकांनी लेकीकडे पाहिलं. ती मान हलवत होती. नाही, नाही, नाही. तिने खोलीत काय सांगितलं होतं हे काकांना ठाऊक नव्हतं. पण ते बाहेर आलं तर पोरीचं काहीतरी कायमचं मोडणार, एवढं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं त्यांना दिसलं. आणि त्याच वेळी सगळं चर्च त्यांच्याकडे बघत होतं, की आता हा काय करतो, स्वतःच्या लेकीवर आल्यावर.

"सांगा," काका म्हणाले. "दोन्ही बाजू खुलेआम आल्या पाहिजेत."

"हिला ते मूल नको होतं," पाळकसाहेब म्हणाले. आवाजात इतकी माया की काय सांगावं! "रोज गुडघे टेकून मागायची, देवा, हे मूल येऊ देऊ नकोस. आणि ते गेलं. ते ओझं घेऊन ही बिचारी माझ्याकडे आली. आज त्या ओझ्याला कुणाचा तरी चेहरा हवा आहे. माझा घेतला. घेऊ दे. मी तिला आधीच क्षमा केली आहे."

कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. तिच्या सासूने छातीवर हात मारला, "माझा नातू! माझा नातू खाल्ला गं हिने!" जावई बाकावर बाजूला सरकला, आणि नवराबायकोमध्ये अजून एक माणूस मावेल इतकी जागा झाली. लेक उभीच होती. तिला बसायचं सुचत नव्हतं आणि कुणी तिला बसवत नव्हतं.

आता मत घ्यायचं. हात अर्धवट वर केलेला काकांना चालत नसे. कोपर वाकवून, डोक्याला खाजवल्यासारखा हात केला की मत कुणाचं धरायचं? म्हणून प्रत्येक मतदानाला ते स्वतः दाखवायचे, हात असा सरळ, पंजा उघडा. त्या दिवशीही त्यांनी वाक्य उच्चारलं, "पाळकसाहेबांच्या बाजूने जे असतील त्यांनी..." आणि त्यांचा हात आपोआप वर गेला. मत नव्हतं हो ते! हात कसा करायचा, ते दाखवणं होतं. पण मंडळीने काय पाहिलं? मुलीने आरोप केला आणि बापाचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. खेळ तिथेच खलास. बाकांबाकांवरून हात उठले. जो तो शेजाऱ्याचा हात बघत होता आणि आपला त्याच्याहून उंच करत होता. जावयाचा उठला. विहीणबाईंचे तर दोन्ही. ऑर्गन वाजवणाऱ्या शिक्षिकेने एक हात पट्ट्यांवर ठेवून दुसरा वर केला.

"विरुद्ध?"

काकू एकट्या. पूर्ण सरळ हात, पंजा उघडा, जसा नवऱ्याने शिकवला होता तसा. आणि डोळे नवऱ्यावर रोखलेले. काकांनी त्यांची नजर चुकवली.

हरकत फेटाळल्याचं काकांनीच जाहीर केलं. मग प्रभुभोजन झालं. छोट्या प्याल्यांचं तबक घेऊन काका बाकांमधून फिरायला लागले. लेकीच्या बाकाशी आले. ती एकदाची बसली होती, कडेला. तिने वर पाहिलं आणि हात पुढे केला. ती नियम विसरली होती, की मुद्दाम केला, देव जाणे. काकांनी तबक तिच्या हातावरून पलीकडे नेलं आणि जावयापुढे धरलं. जावयाने प्याला घेतला.

उपासना संपल्यावर काका मागच्या खोलीत प्याले विसळत होते. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. ऑर्गनवाल्या शिक्षिकाबाई आत आल्या, टॉवेल घेऊन प्याले पुसायला लागल्या. दोन-तीन प्याले पुसून झाल्यावर म्हणाल्या, "काका, ती खरं बोलत होती."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"कसं म्हणजे? मलाही त्याच सोफ्यावर बसवायचे. आणि मी एकटी नाही." त्यांनी आणखी दोघींची नावं सांगितली. त्या दोघींचेही हात काकांनी वर गेलेले पाहिले होते.

"मग हात का वर केलात?" काका ओरडलेच. "उभं राहायचं होतं! बोलायचं होतं!"

बाईंनी हातातला प्याला खाली ठेवला. "माझी चर्चच्या शाळेतली नोकरी पाळकसाहेबांच्या सहीवर आहे. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करेल? चिठ्ठी असती तर टाकली असती, काका. आम्ही तिघींनी टाकली असती. आणि आणखी कुणी टाकली असती ते देवालाच माहीत." टॉवेल घडी करून त्यांनी खिळ्याला अडकवला. "आणि उभं राहायचं म्हणता, तर आज तुमच्याच लेकीचं काय झालं ते बघितलं की सगळ्यांनी. तुम्ही तिला दिलं नाहीत काही, ना शब्द, ना प्याला. आम्हाला काय देणार होतात?"

काका घरी आले तेव्हा लेक स्वयंपाकघरात आईपाशी बसली होती. सासरची माणसं तिला चर्चच्या दारात सोडून गाडीत बसून गेली होती. तिच्या चपला पुढच्या दारात काढलेल्या होत्या. काका उंबऱ्याशी उभे राहिले.

"माझा विश्वास आहे तुझ्यावर," ते म्हणाले. "पहिल्यापासून होता. तो हात... तो मी दाखवायला..."

"माहीत आहे, बाबा," लेक म्हणाली. "मला माहीत आहे दाखवायला होता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. काकांनी खुर्ची ओढली, बसले नाहीत. "पुढच्या रविवारी मी बोलतो. मी स्वतः उभा राहतो. आता आणखी तिघी आहेत."

"आता कशाला?" काकू म्हणाल्या. "वरातीमागून घोडं. तिसरं वाचन झालं, विषय संपला. नियम कुणाचा?"

आणि नेमकी तेव्हाच पुढच्या दाराची घंटी वाजली.

दारात पाळकसाहेब होते, सोबत दोन पंच. समेट साक्षीदारांदेखत झाला पाहिजे, हाही नियम काकांचाच. पाळकसाहेबांनी बूट काढून लेकीच्या चपलांशेजारी नीट जोडून ठेवले. "काका, पोरीला प्याल्याविना बघवत नाही मला. आजच मिटवून टाकू. तिने एवढंच म्हणायचं, की माझा गैरसमज झाला. बास."

काका दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. आता त्यांना सगळं ठाऊक होतं. सोफा ठाऊक होता, शिक्षिकाबाई ठाऊक होत्या, त्या दोघी ठाऊक होत्या. दार तोंडावर लावायला एक ढकल पुरली असती. आयुष्यात त्यांनी मोठमोठ्या व्यापाऱ्यांना दारातून परत पाठवलं होतं. पण पंच बघत होते, समोरच्या घरातली बाई गच्चीतून बघत होती, आणि मुख्य पंचानेच समेटाला नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील, हे त्यांच्या डोक्यात आलं. तेवढं एकच आलं.

"या," काका म्हणाले.

तिघे बसले. काकांनी आत हाक मारली. थोड्या वेळाने काकू एकट्याच बाहेर आल्या.

"ती मागच्या दाराने गेली," त्या म्हणाल्या. "अनवाणी."

काका अर्धवट उठले. पाळकसाहेबांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "बसा काका. येईल ती. तिच्यासाठी प्रार्थना करू, साक्षीदार आलेच आहेत."

काका बसले.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाला परक्यांदेखत कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि आताही दिलं नाही. त्यांनी दारातल्या लेकीच्या चपला उचलल्या, आपल्या पायात सरकवल्या आणि खुंटीवरची पिशवी घेऊन बाहेर पडल्या. पायऱ्या उतरून जाणाऱ्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि मग थांबला.

"सुरुवात तुम्ही करा, काका," पाळकसाहेब म्हणाले.

दोन्ही पंचांनी माना खाली घातल्या. काकांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि सुरुवात केली.